दीडशे वर्षांपूर्वीचा स्मार्ट बूट आणि एतिएन-ज्यूल मारे

गेल्या महिन्यात बाबांना मनगटावर लावायचा फिटनेस बँड घेऊन दिला. पहिल्याच दिवशी फिरून आले आणि थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. फोन म्हणत होता ६,४१२ पावलं, बँड म्हणत होता ७,०९०. रस्ता एकच, पायांची जोडीही एकच. बाबांना एवढंच हवं होतं की यातला खरा आकडा कोणता ते मी सांगावं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरात असल्या प्रश्नांचं खातं माझ्याकडे असतं. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही.

फोन किंवा बँड तुमचं पाऊल बघत नाही, हे आधी लक्षात घ्या. आत अ‍ॅक्सिलरोमीटर नावाची छोटी चिप असते, ती फक्त हादरे मोजते. त्यातला कुठला हादरा म्हणजे पाऊल आणि कुठला म्हणजे रिक्षातला खड्डा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, चिप वेगळी, शरीरावरची जागाही वेगळी. मग आकडे जुळणार कसे?

याचं उत्तर शोधताना मी एका फ्रेंच माणसापर्यंत पोहोचलो. हा माणूस १९०४ साली वारला. चालणाऱ्या माणसाच्या तळव्याखाली त्याने दीडशे वर्षांपूर्वी सेन्सर बसवला होता. पण मला त्याची जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वेगवेगळ्या देशांतल्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत म्हणून तो म्हातारपणी बेचैन झाला, आणि ते जुळवण्यासाठी त्याने जगभरातल्या शास्त्रज्ञांना एकत्र आणायचं ठरवलं. त्याचं नाव एतिएन-ज्यूल मारे.

इंजिनिअर व्हायचं होतं, डॉक्टर झाले

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, बोन या गावी झाला. हा सगळा भाग द्राक्षांचा आणि वाइनचा, आणि वडीलही वाइनच्याच धंद्यात. एकुलता एक मुलगा. हाताने वस्तू जोडायची, यंत्रं बनवायची भारी आवड. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं, वडिलांना मुलगा डॉक्टर हवा होता. पुढे काय झालं असेल ते आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. १८४९ साली मारे पॅरिसला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले.

पण आतला इंजिनिअर काही गेला नाही. त्यांनी औषधांपेक्षा मोजमाप धरलं. त्या काळात डॉक्टर बोटांनी नाडी बघायचे आणि तिचं वर्णन शब्दांत करायचे: मंद, जलद, भरलेली, बारीक. आता तुमची मंद आणि माझी मंद एकच, हे कोण ठरवणार? दोन डॉक्टरांच्या बोटांची तुलना करायची सोयच नव्हती. नाडी कागदावर उतरवणारं एक यंत्र जर्मनीत कार्ल फीरोर्ट यांनी आधी केलं होतं, पण ते अवजड होतं. मारेंनी १८६० मध्ये मनगटावर बांधता येईल असं छोटं यंत्र बनवलं, स्फिग्मोग्राफ. नाडीवर टेकलेली एक स्प्रिंग, तिला जोडलेली हलकी काडी, आणि काडीच्या टोकासमोरून घड्याळाच्या यंत्रणेवर सरकणारी कागदाची पट्टी. नाडी उडाली की काडी हलते आणि पट्टीवर लाट उमटते. आज स्मार्टवॉचवर दिसते तशीच लाट. पॅरिसच्या ब्रेगे या प्रसिद्ध घड्याळवाल्यांनी हे यंत्र बनवून विकलं आणि युरोपभरचे डॉक्टर ते वापरू लागले.

मनगटावर बांधायचं यंत्र, तेही १८६० मध्ये! मला इथेच गंमत वाटायला लागली होती.

हवेवर चालणारा सेन्सर

मारेंचा सगळ्यात उपयोगी शोध दिसायला अगदीच साधा आहे. धातूची एक छोटी चपटी डबी घ्या, तिच्या तोंडावर रबराचा पडदा ताणून बसवा, म्हणजे चिमुकला डफच झाला. डबीला एक रबरी नळी जोडा. नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेने भरलेला फुगा किंवा तशीच दुसरी डबी. फुगा दाबला की हवा नळीतून जाते, डफाचा पडदा फुगतो, पडद्यावर टेकलेली काडी वर उचलली जाते आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढते. झालं. सेन्सर, वायर आणि स्क्रीन, तिन्ही आले. वीज कुठेच नाही.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओग्यूस्त शोवो या पशुवैद्यक तज्ज्ञाबरोबर त्यांनी जिवंत घोड्याच्या हृदयात नळी सरकवून आतला दाब याच पद्धतीने कागदावर उतरवला. हृदयाचा कुठला कप्पा आधी आकुंचन पावतो यावर चाललेला वाद त्या रेघांनी मिटवला. पण आपल्याला हृदयातून खाली पायाकडे जायचं आहे.

१८७० च्या सुमारास मारे कोलेज द फ्रान्स या नामवंत संस्थेत प्राध्यापक झाले होते, आणि त्यांच्या हाताखाली गास्तों कार्ले नावाचा विद्यार्थी होता. माणूस चालतो म्हणजे नेमकं काय करतो, हा त्याचा विषय. या दोघांनी जाड रबरी तळाचे बूट बनवले आणि तळात हवेची पोकळी ठेवली. पाय टेकला की पोकळी दबते, हवा नळीतून वर जाते, काडी हलते. कार्लेच्या बुटात टाचेखाली एक आणि चवड्याखाली एक अशा वेगळ्या पोकळ्या होत्या. त्यामुळे टाच कधी टेकली, भार चवड्यावर कधी गेला, पाय जमिनीवरून कधी सुटला, हे सगळं वेगवेगळं दिसू लागलं. कार्लेचा निबंध १८७२ साली छापला गेला.

थोडं थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एक माणूस पळतोय. पायात फुगीर बूट, दोन्ही पायांवरून वर आलेल्या रबरी नळ्या, हातात फिरणारं नळकांडं, आणि डोक्यावर आणखी एक यंत्र, कारण शरीर वर-खाली किती होतं तेही मोजायचं आहे. मारेंच्या पुस्तकात हे चित्र आहे. आज तो माणूस रील करून लाखो व्ह्यूज घेईल. पण त्याच्या हातातल्या कागदावर जे उमटत होतं ते तोपर्यंत कुणी पाहिलं नव्हतं: चालताना काही क्षण दोन्ही पाय जमिनीवर असतात, पळताना काही क्षण एकही नसतो, आणि हे क्षण किती लांबीचे आहेत ते मोजता येतं.

मग हीच युक्ती घोड्यावर. खुरांना हवेचे गोळे, पायांवरून वर येणाऱ्या चार नळ्या, आणि स्वाराच्या हातात लिहिणारं यंत्र. दुडक्या चालीत घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, हा तेव्हाचा गाजलेला वाद होता. मारेंच्या चार रेघांनी दाखवून दिलं की असतात. १८७३ साली त्यांचं ‘ला मशीन अ‍ॅनिमाल’ हे पुस्तक आलं, पुढच्या वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, आणि ते अमेरिकेतही पोहोचलं.

कॅलिफोर्नियात लीलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य रेल्वेमालकाला घोड्यांचा नाद होता. त्याच्यासाठी फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडून पळत्या घोड्याचे ते जगप्रसिद्ध फोटो काढले. ते फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेले असणारच. मारेंची रेघ बरोबर होती, हे आता सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

पक्ष्यांवर रोखलेली बंदूक

दुसऱ्या कुणाला राग आला असता. मारेंनी फोटो पाहिले आणि मायब्रिजशी संपर्क साधायची धडपड सुरू केली. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले तेव्हा मारेंनी त्यांना आपल्या घरी बोलावलं, परदेशी शास्त्रज्ञांना जमवलं आणि सगळ्यांसमोर ते फोटो दाखवायला लावले. स्वतःची हवेची पद्धत त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. तरी ती सोडून नवं हत्यार उचलायला त्यांनी वेळ घालवला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसासाठी ही सोपी गोष्ट नाही. आमच्याकडे लोक तीन वर्षांची प्रोग्रॅमिंग लँग्वेज सोडायला तयार नसतात.

पण मायब्रिजचे फोटो त्यांना मोजमापासाठी पटले नाहीत. १२ वेगळे कॅमेरे म्हणजे १२ वेगळ्या जागा, आणि दोन फोटोंमधला वेळही अगदी समान नाही. मारेंना एकच कॅमेरा, एकच जागा आणि घड्याळाच्या ठोक्याइतकी समान वेळ हवी होती. १८८२ मध्ये त्यांनी खांद्याला लावायची फोटोची बंदूक बनवली. चाप ओढला की सेकंदाला १२ फोटो, प्रत्येक फोटोला प्रकाश मिळणार सेकंदाचा ७२० वा भाग. फोनचा बर्स्ट मोड म्हणा हवं तर. थंडीच्या दिवसांत ते इटलीत नेपल्सजवळ समुद्राकाठी राहायचे. रोज पक्ष्यांवर बंदूक रोखणारा आणि एकही पक्षी न पाडणारा हा माणूस गावकऱ्यांना वेडा वाटायचा, असं सांगतात.

त्याच वर्षी पॅरिसच्या कडेला, बुलोन्यच्या जंगलालगत, त्यांची मोठी प्रयोगशाळा उभी राहू लागली. जागा शहराने दिली, पैसा शहराने आणि सरकारने. नाव स्टेशन फिजिओलॉजिक. तिथे ५०० मीटरचा गोल ट्रॅक होता. कडेने तारेचे खांब, दर ५० मीटरला एक. चालणारा खांबाजवळून गेला की विजेचा संदेश आत बसलेल्या यंत्राकडे जायचा आणि कागदावर खूण पडायची. चालीचा ठेका विजेच्या घंटेने ठरवायचा. थोडक्यात, माणूस बाहेर चालतोय आणि त्याचा वेगाचा ग्राफ आत आपोआप तयार होतोय. आपल्या रनिंग अ‍ॅपचं हे आजोबा, फक्त उपग्रहाच्या जागी तारेचे खांब.

फोटोंच्या बाबतीत एक अडचण आली. मारे एकाच काचेवर एकामागून एक प्रतिमा घ्यायचे, म्हणून त्या एकमेकींवर चढायच्या. संथ चालणाऱ्या माणसाचा नुसता पांढरा गोळा व्हायचा. यावरचा उपाय बघा. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, मागे काळाकुट्ट पडदा, आणि हात-पायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर चमकते ठिपके. आता फोटोत माणूस नाहीच. दिसते ती हलणाऱ्या रेघांची माळ: मांडी, पोटरी, घोटा, पाऊल. गेमिंगवाल्यांनो, हे ओळखीचं वाटतंय ना? अंगावर ठिपके लावून हालचाल पकडायची हीच पद्धत आज गेम, सिनेमा आणि हॉस्पिटलमधल्या चाल तपासणाऱ्या प्रयोगशाळांत वापरतात. फक्त ठिपके आणि कॅमेरे सुधारले.

या सगळ्यात जॉर्ज देमेनी हे मारेंचे उजवे हात होते. दोघांनी मिळून पाय जमिनीला किती जोराने दाबतो ते मोजणारी पाटी बनवली. सैन्याला या कामात रस होता, कारण पायदळ म्हणजे शेवटी हजारो तळपाय. बुटाच्या टाचेची उंची बदलून लोकांना त्या ट्रॅकवर चालवलं, आणि टाच कमी केली की पाऊल लांब पडतं, असं आढळलं. चालीचा ठेका वाढवला की पाऊल एका मर्यादेपर्यंत लांबतं आणि मग उलट आखूड व्हायला लागतं, हेही तिथेच दिसलं.

देमेनींशी मात्र शेवट कडू झाला. या हलत्या चित्रांतून पैसा मिळू शकतो हे देमेनींना दिसत होतं. मारेंना चित्रं हालचाल तोडून बघायला हवी होती. लोकांना जे डोळ्यांनी दिसतंच ते पडद्यावर पुन्हा दाखवण्यात त्यांना रस नव्हता. १८९४ मध्ये देमेनींना प्रयोगशाळा सोडावी लागली. मला इथे मारेंची बाजू पूर्ण पटत नाही. बारा वर्षांच्या कामानंतर सहकाऱ्याला असं बाहेर पडावं लागणं हा त्यांच्या आयुष्यातला डाग आहे. पुढच्याच वर्षी ल्यूमिएर बंधूंनी सिनेमा लोकांपुढे आणला, आणि ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवलाही गेला. मारेंनी सेल्युलॉइडच्या फिल्मवर हलत्या माणसांची चित्रं त्याच्या कितीतरी आधी, १८९० पासून घेतली होती.

रेघा जुळेनात

आता मूळ मुद्द्यावर येतो. मारेंच्या यंत्रांना इतकं यश मिळालं की त्या यशातूनच नवी अडचण उभी राहिली.

१८९० पर्यंत युरोप आणि अमेरिकेतल्या कितीतरी प्रयोगशाळांत काजळीचा कागद आणि लिहिणारी काडी पोहोचली होती. पण प्रत्येक शहरातला कारागीर ती आपल्या पद्धतीने बनवायचा. एकाच्या डबीचा पडदा जाड, दुसऱ्याचा पातळ. एकाची नळी लांब, म्हणजे हवेचा धक्का उशिरा पोहोचणार. काडी जड असली तर झटका संपल्यावरही ती जडत्वाने वर जात राहते, आणि कागदावर शरीरात नसलेलाच एक डोंगर उमटतो. तो बघून कुणीतरी प्रबंध लिहितो. दुसऱ्या शहरातला दुसरा माणूस हलक्या काडीने तोच प्रयोग करतो, डोंगर दिसत नाही, आणि भांडण सुरू. दोघंही प्रामाणिक, दोघांकडे पुरावा. बाबांचा फोन आणि बँड यांचं काय वेगळं चाललं होतं?

पायाच्या अभ्यासात तर वेगवेगळ्या भाषाच तयार होत होत्या. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म ब्राउने आणि ओट्टो फिशर यांनी माणसाच्या अंगावर विजेने चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून, अनेक कॅमेऱ्यांतून, चाल तिन्ही दिशांनी मोजली. गणित इतकं प्रचंड की ब्राउने १८९२ मध्ये वारले तरी फिशर पुढे काम करतच राहिले. त्यांचा ग्रंथ १८९५ पासून १९०४ पर्यंत भागाभागाने निघत होता. पॅरिसमध्ये एका बाजूने घेतलेला फोटो आणि हवेची रेघ, लाइपझिगमध्ये तीन दिशांचं गणित. दोन्ही अस्सल काम, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवायला सामायिक मोजपट्टीच नाही. शिवाय १८७०-७१ चं युद्ध होऊन तीस वर्षंही झाली नव्हती. फ्रान्स हरला होता, दोन प्रांत गमावून बसला होता. फ्रेंच माणसाने जर्मनांबरोबर एका टेबलावर बसून मोजपट्टी ठरवायची, हे घरच्यांनाही समजावणं कठीण.

शरीरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद १८८९ पासून दर तीन वर्षांनी भरत होती, पहिली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला. १८९८ ची परिषद केंब्रिजला होती. मारे ६८ वर्षांचे. तिथे त्यांनी प्रस्ताव मांडला की वेगवेगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांची एक समिती नेमावी, आणि लिहिणाऱ्या यंत्रांची तपासणी करून त्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतील अशी व्यवस्था करावी. समिती झाली. बर्नमध्ये शिकवणारे, जन्माने जर्मन असलेले ह्यूगो क्रोनेकर तिच्यात होते.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. आपल्या नावाची यंत्रं जगभर चालत असताना मारेंना सोपा मार्ग होता: माझंच मॉडेल प्रमाण माना, बाकीची टाका. टेक कंपन्या हेच करतात. मारेंनी सगळ्यांचीच यंत्रं तपासायला मागितली, स्वतःचीसुद्धा. काडी किती चुकते, नळी किती उशीर करते, हे आधी मोजायचं. यंत्र कुठलंही असो, त्याची चूक माहीत असली की त्याचा आकडा वापरता येतो. याला आज आपण कॅलिब्रेशन म्हणतो.

नुसत्या समितीने भागणार नव्हतं, कारण यंत्रं तपासायला जागा आणि माणसं लागतात. म्हणून पुढची कल्पना निघाली: कुठल्याही देशाच्या संशोधकाने यावं, आपलं यंत्र तपासून घ्यावं, काम करावं, अशी एक संस्था. १९०१ ला तुरीनच्या परिषदेत, आंजेलो मोस्सो यजमान असताना, तिला पाठिंबा मिळाला. पॅरिस शहराने स्टेशनलगतची जागा दिली. संस्थेला नाव पडलं इन्स्टिट्यूट मारे. कॅन्सरने आजारी असलेले मारे शेवटची वर्षं याच धावपळीत होते. संस्था नीट रुळायच्या आत, मे १९०४ मध्ये, ते गेले.

त्याच्या थोडं आधीपर्यंत, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते हवेच्या बोगद्यात धुराच्या समांतर रेघा सोडून वस्तूभोवती हवा कशी वळते त्याचे फोटो काढत होते. अमेरिकेत विल्बर राइट यांनी उड्डाणाच्या नादाला लागताना घरातल्या फळीवरून जे पुस्तक काढलं, ते मारेंचंच प्राण्यांच्या हालचालीवरचं होतं. पण ती वेगळी गोष्ट, कधीतरी स्वतंत्र लिहीन.

नंतर काय झालं

मारेंच्या मागे क्रोनेकर यांनी संस्थेची धुरा सांभाळली. मारेंचे सहाय्यक लुसियन बुल, जन्माने आयरिश, तिथे कित्येक दशकं काम करत राहिले. उडत्या किड्यांचे पंख दिसतील इतक्या वेगाची चित्रं त्यांनी काढली. पण १९१४ साली ज्या देशांचे लोक त्या समितीत शेजारी बसले होते तेच एकमेकांवर तोफा डागायला लागले, आणि आंतरराष्ट्रीय मोजपट्टीचं स्वप्न बाजूला पडलं.

ते काम पुन्हा वर यायला खूप वर्षं लागली. शरीराच्या हालचालीचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स, १९७३ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात स्थापन झाली. तिच्या वतीने २००२ मध्ये एक शिफारस छापली गेली: घोट्याची हालचाल सांगताना सगळ्यांनी अक्ष कसे धरायचे? घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला हाडाचे जे उंचवटे हाताला लागतात, त्यांच्या बरोबर मधला बिंदू आरंभ धरायचा, आणि पाऊल वर-खाली, आत-बाहेर किती वळलं ते ठरावीक क्रमाने सांगायचं. वाचायला भयंकर कंटाळवाणं आहे. पण त्यामुळे एका देशातल्या मधुमेही पेशंटच्या पायाचा डेटा दुसऱ्या देशातल्या धावपटूच्या डेटाशेजारी ठेवता येतो. तोवर प्रत्येक जण आपापला शून्य धरून बसलेला असायचा.

याच संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मायब्रिज यांच्या नावाने दिला जातो. मारेंच्या नावाने नाही. १८८१ च्या त्या संध्याकाळी मारेंनी पाहुण्याला मोठेपणा दिला तो असा कायमचा टिकला.

आणि ती संस्थेची इमारत? १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती पाडली गेली, शेजारचं टेनिस स्टेडियम वाढवायचं होतं म्हणून. ते स्टेडियम म्हणजे रोलाँ गारोस. फ्रेंच ओपनमध्ये तिथे आज प्रत्येक फटका स्लो मोशनमध्ये दाखवतात, खेळाडूचा पाय लाल मातीवर कसा घसरला तेही. त्याच आवारात कधीकाळी काळे कपडे घातलेली माणसं घंटेच्या ठेक्यावर चालत होती.

बाबांचा प्रश्न तसाच राहिला होता, म्हणून रविवारी आम्ही जवळच्या मैदानावर गेलो. तिथला आखलेला ट्रॅक ४०० मीटरचा आहे. बाबा एक फेरी चालले, मी शेजारून चालत त्यांची पावलं तोंडाने मोजली. माझी मोजणी ५६२, फोन ५४१, बँड ५९६. म्हणजे दोघंही चुकत होते, पण किती आणि कुठल्या बाजूला ते आता कळलं. बाबांनी तिन्ही आकडे खिशातल्या डायरीत तारखेसकट लिहिले. मग गाडीतून चपला घेऊन आले, बूट काढून ठेवले आणि दुसऱ्या फेरीसाठी पांढऱ्या रेघेवर जाऊन उभे राहिले.